आजोबांची बंदूक : दुरुस्त करावी की बदलावी?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात तिगावच्या परिसरात संत्र्याच्या बागा आहेत, तर आपल्याकडे सत्तरी-सांग्यात काजूच्या बागायती आणि कुळागरे. पिके वेगळी असली तरी रानडुकरांचा उपद्रव दोन्हीकडे सारखाच आणि शस्त्रांचा कायदाही एकच. अशा शेतकरी घरात परवान्यावर चालत आलेली जुनी बारा बोअरची बंदूक असेल, तर कधी ना कधी प्रश्न उभा राहतोच : ती दुरुस्त करावी की बदलावी?

याचे उत्तर नळीत आणि नळी जिथे बंद होते त्या सांध्यात शोधावे. स्फोटाचा दाब हेच भाग पेलतात. दस्त्याला गेलेली चीर, सैल झालेला खिळा, थकलेली स्प्रिंग, झिजलेली पिन हे सारे दुरुस्त होणारे दोष आहेत.

तपासणीपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. ती बंद करून हलवली असता सांधा खुळखुळत असेल, तर कुशल कारागीर तो पुन्हा घट्ट बसवू शकतो. मात्र हे काम खर्चिक असते. नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. उथळ पोचा काढता येतो. पण गंजाचे खोल खड्डे किंवा नळीला आलेला फुगवटा दिसल्यास त्या नळीतून पुन्हा बार काढू नये. नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली असू शकते. अशा नळ्या मूलतः काळ्या दारूसाठी होत्या. आधुनिक काडतुसे त्यांत वापरणे धोक्याचे आहे.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. अनेक जुन्या बंदुकांचे काडतूसघर ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची सर्वसाधारण काडतुसे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस आत बसते. पण बार होताना त्याचे तोंड पूर्ण उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून काडतूसघर कारागिराकडून मोजून घ्यावे.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. बंदुकीवरील क्रमांक खोडणे किंवा बदलणे हाही गुन्हाच. बंदूक बदलायची झाल्यास आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. जुनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याला देता येते. दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकायची असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यांतच मोजली जाते.

शिवाय, शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्यासाठी वन खात्याची स्वतंत्र लेखी परवानगी लागते.

तेव्हा हिशेब सरळ आहे. नळी व सांधा निर्दोष असतील, तर दुरुस्तीवरचा खर्च सार्थकी लागतो. नळीच गेली असेल, तर आजोबांची आठवण म्हणून तिच्यातून बार काढण्याचा मोह आवरावा. फुटलेल्या नळीची पहिली इजा ती धरणाऱ्या हाताला होते.