दूरस्थ परिसंवाद आणि इनामगावचा प्रश्न

निमोणे ज्या शिरूर तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ साली येथे उत्खननास आरंभ केला. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनी सिद्ध केलेला त्याचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात येथील शेतकरी सातू पिकवीत आणि मृत बालकांना घरातच कुंभांत पुरीत, हे त्यावरून कळते. परंतु ते कोणती भाषा बोलत? लेखाच्या अभावी मृत्तिकापात्रे याविषयी मूक आहेत.

या प्रश्नाचा विचार एकट्या शास्त्राच्या आवाक्यातील नव्हे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ च्या ग्रंथात स्थलनामांवरून महाराष्ट्रातील प्राचीन द्राविड भाषिक थराचे अनुमान मांडले. २०१९ साली राखीगढी येथील प्राचीन जनुकद्रव्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. पुरातत्त्वज्ञ, जनुकशास्त्रज्ञ व भाषाशास्त्रज्ञ मात्र निरनिराळ्या नगरांत, किंबहुना खंडांत, विखुरलेले असतात. २०२० च्या महामारीत प्रवास थांबला, तेव्हा दूरस्थ परिसंवाद हाच संपर्काचा मार्ग उरला. ब्राझीलच्या भाषाशास्त्र परिषदेने त्याच वर्षी मे महिन्यात जगभरच्या अभ्यासकांची व्याख्यानमाला दूरस्थ रीतीने आरंभिली.

अशा परिसंवादास ‘आभासी’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. आभास म्हणजे नसलेल्या वस्तूची प्रतीती. येथे वक्ता, श्रोता आणि मतभेद ही तिन्ही खरी असतात. निबंध आगाऊ पाठविणे, भाषण थोडके ठेवणे, चर्चेस अधिक वेळ देणे आणि अनुत्तरित प्रश्नांची टिपणी सर्वांना धाडणे, ही त्याची पथ्ये होत. सायंकाळी साडेसहाची वेळ ठेवल्यास हिवाळ्यात लंडनला दुपारचा एक आणि न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजलेले असतात.

याचा मुख्य लाभ संज्ञांच्या शुद्धीचा होय. ‘जोर्वे’ हे संगमनेर तालुक्यातील गावावरून पडलेले संस्कृतीचे नाव. ते भाषेचे नाव नव्हे. एक घाट, म्हणून एक भाषा, हे अनुमान वेळीच रोखले जाते ते अन्य शास्त्राचा जाणकार समोर असल्यामुळेच. खापर हाती घेऊन पाहणे व चहापानातील मोकळे बोलणे यांची उणीव पडद्यावर भरून निघत नाही, हे खरे. तथापि प्रवासखर्च न परवडणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयातील अभ्यासकास, ज्याच्या परिसरातील हा पुरावा आहे त्यास, चर्चेत बरोबरीचे आसन मिळणे ही अल्प गोष्ट नव्हे. मात्र ते आसन खरे व्हावयाचे, तर चर्चेत मराठीतून प्रश्न विचारण्याची मुभाही असली पाहिजे.