रिळाच्या तळातला तंगूस

स्पिनिंग रिळाचे स्पूल भरताना तळाशी नायलॉनच्या तंगुसाचा थर देतात आणि त्यावर ब्रेडेड दोरी गुंडाळतात. माशाशी झुंजते ती वरची दोरी. खालचा तंगूस वर्षानुवर्षे स्पूलबाहेर पडतही नाही. पण हा तळ कच्चा राहिला तर महागडी दोरी आणि उत्तम ड्रॅग (स्पूलचा ब्रेक), दोन्ही ऐन वेळी दगा देतात. खाडीच्या मुखाशी किंवा खडपावर उभे राहून जिताडा, तांबोशी गरवण्यासाठी ४००० आकाराचे रीळ सोयीचे पडते. स्पूल भरण्याचे काम अशाच रिळावर नीट समजते.

दोन्ही दोऱ्यांचे स्वभाव त्यांच्या घडणीतून आलेले आहेत. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड धागा. ड्यूपाँ कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केले, आणि रेशमाच्या किंवा लिननच्या दोऱ्या वापरानंतर दरवेळी वाळत घालण्याच्या कटकटीतून गरवणारे पुढे सुटले. नायलॉन ओढले की लांबते, थोडे पाणी शोषते आणि स्पूलवर फार दिवस राहिले की तेच वळण धरून बसते. ब्रेडेड दोरी ही अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या चार, आठ किंवा त्याहून जास्त पदरांची वीण असते. हा तंतू जेल अवस्थेतून ओढून काढण्याची पद्धत नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली. डायनीमा हे तिथल्या तंतूचे नाव. अमेरिकेत तयार झालेला तसाच तंतू स्पेक्ट्रा नावाने ओळखला जातो. या तंतूंच्या दोऱ्या १९९० च्या दशकात गरवण्यासाठी वापरात आल्या आणि सगळे गणितच बदलले. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ही दोरी कितीतरी बारीक असते, जवळजवळ ताणली जात नाही आणि पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्याने तरंगते. चाळीस मीटरवर माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते, ते ती ताणली जात नाही म्हणूनच.

अडचण आहे ती पॉलिएथिलीनच्या गुळगुळीतपणात. स्पूलचा गाभा बहुधा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर ब्रेडेड दोरी थेट बांधली तर गाठ सुटत नाही, पण गाठीसकट दोरीचा सगळा गठ्ठाच गाभ्याभोवती सरकत फिरतो. मोठा मासा लागून दोरी जाऊ लागते तेव्हा गरवणारा ड्रॅग आवळतो. दोरी जातच राहते. तो आणखी आवळतो, तरीही फरक पडत नाही, कारण स्पूल जागच्या जागी घट्ट असते आणि घसरत असते ती दोरी. रीळ बिघडले असे समजून ते दुरुस्तीला नेणारे पुष्कळ असतात. दोष यंत्रात नसतोच. खात्री करायची तर ड्रॅग पूर्ण आवळून, हातमोजा घालून दोरी सरळ ओढून पाहावी. स्पूल न हलता दोरी आली तर तळ घसरतो आहे. उघड्या हाताला दोरीचा वेढा देऊन मात्र ही परीक्षा कधीच करू नये. बारीक ब्रेडेड दोरी कातडी सहज कापते.

तंगूस इथे दोन प्रकारे उपयोगी पडतो. तो ताणून गुंडाळला की पूर्ववत आखडू पाहतो आणि गाभ्याला आवळून धरतो. शिवाय त्याचा पृष्ठभाग पॉलिएथिलीनइतका निसरडा नसतो. काही कंपन्या गाभ्यावर रबराची पट्टी बसवून देतात, काही जण चिकटपट्टीचे दोन वेढे देतात. पकडीपुरते त्याने भागते, पण स्पूलची उंची त्याने भरून निघत नाही. तंगुसाचे दुसरे काम नेमके तेच आहे.

ही उंची का महत्त्वाची, ते रिळाच्या रचनेतून कळते. ब्रॅडफर्डच्या वस्त्रोद्योगातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने १९०५ साली ज्या धाटणीच्या रिळाचे पेटंट घेतले, त्यात फेकताना स्पूल फिरत नाही. दोरी पुढच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते. आजची स्पिनिंग रिळे याच तत्त्वावर चालतात. दोरीची पातळी कडेच्या फार खाली असेल तर प्रत्येक वेटोळे कडेला घासते आणि फेक तोकडी पडते. पातळी कडेला भिडली तर एकाच वेळी चार-पाच वेटोळी निसटून हवेतच गुंता होतो. कडेच्या आत दोन ते तीन मिलिमीटर जागा सोडणे हा सर्वमान्य नेम आहे.

पातळीचा परिणाम फेकीपुरता थांबत नाही. दोरीच्या गठ्ठ्याचा व्यास ४५ मिमी आणि रिळाचे गिअर गुणोत्तर ६.२ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ८८ सेंमी दोरी आत येते. व्यास ३५ मिमीवर उतरला की ती ६८ सेंमीच येते. ड्रॅगचेही तसेच. भरलेल्या स्पूलवर ४ किलोला लावलेला ड्रॅग ३५ मिमीला पाच किलोच्या वर जातो, कारण चकत्यांची पकड तीच राहते आणि ओढीची भुजा आखूड होते. मासा दूर पळाला की ओढ आपोआप वाढते ती अशी. खाली भरपूर तंगूस असला की मासा तेवढाच पळाला तरी व्यास फारसा घटत नाही, आणि ड्रॅगची ओढ बरीचशी स्थिर राहते.

किती तंगूस घालावा, याचे गणित सोपे आहे. दोरीने व्यापलेली जागा तिच्या लांबीच्या आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्पूलवर ‘०.३५ मिमी, १७० मीटर’ असे छापले असेल तर ०.३५ चा वर्ग गुणिले १७०, म्हणजे २०.८. जपानी मोजणीतली २ नंबरची ब्रेडेड दोरी साधारण ०.२३५ मिमीची धरतात. ती १५० मीटर हवी असेल तर ०.२३५ चा वर्ग गुणिले १५०, म्हणजे ८.३. उरले १२.५. त्याला ०.३५ च्या वर्गाने भागले की सुमारे १०२ मीटर तंगूस निघतो. पण विणलेली दोरी दाबाने चपटी होते आणि वेष्टनावरचा व्यासही सगळ्या कंपन्यांचा सारख्या प्रामाणिकपणे छापलेला नसतो. म्हणून आधी दहाएक मीटर तंगूस कमीच घालावा. थोडे अपुरे भरलेले स्पूल चालून जाते. जास्त भरलेले पहिल्याच फेकीला गुंता करते.

आकडेमोड नको असेल तर उलट्या क्रमाने भरतात. रिकाम्या स्पूलवर आधी ब्रेडेड दोरी, तिला जोडून योग्य पातळीपर्यंत तंगूस, आणि मग सगळे त्याच मापाच्या दुसऱ्या स्पूलवर. आता तंगूस तळाशी गेलेला असतो आणि पातळी अचूक येते. दुसरे स्पूल नसेल तर मोकळ्या मैदानात सगळी दोरी जमिनीवर पसरून तंगुसाच्या टोकापासून परत गुंडाळतात. वेळखाऊ काम आहे, पण डोळ्यांदेखत होते.

गुंडाळण्यातली खरी कसोटी ताणाची. दोरी सैल बसली तर मासा लागताच वरचा पदर खालच्या पदरांत रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकून आमिष तुटून जाते. ओल्या फडक्यात दोरी चिमटीने धरून अर्धा ते एक किलोचा सारखा ताण ठेवावा. पाण्याने घर्षणाची उष्णता कमी होते. ही काळजी घ्यावी लागते, कारण पॉलिएथिलीन १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते. तंगूसही घट्ट हवा, पण तो बेताने. अति ताणून गुंडाळलेल्या नायलॉनच्या शेकडो पदरांचा दाब हलक्या प्लास्टिकच्या स्पूलला तडा देऊ शकतो. ब्रेडेड दोरीचे दुकानातले भेंडोळे पेन्सिलीवर ओवून फिरते ठेवणे बरे. तंगुसाचे भेंडोळे जमिनीवर आडवे ठेवून पंधरा-वीस फेऱ्यांनंतर दोरी ढिली करून पाहावी; पीळ पडून ती वळवळू लागली तर भेंडोळे उलटे करायचे. दोरी स्पूलच्या मागे किंवा पुढे जास्त जमून निमुळता आकार येत असेल, तर स्पूलखालची पातळ चकती वाढवून किंवा काढून तो सरळ होतो.

तंगूस आणि ब्रेडेड दोरी जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते. तंगुसाकडून चार-पाच वेढे, ब्रेडेड दोरीकडून सात-आठ; निसरड्या दोरीला वेढे जास्तच लागतात. आवळण्यापूर्वी गाठ ओली करायची आणि शेपट्या अगदी जवळ कापायच्या. वर राहिलेले टोक पुढच्या पदरांना उंचवटा देते आणि फेकताना दोरी तिथे अडखळते. धारदार कात्री लागते ती इथेच, कारण साध्या चाकूपुढे हे तंतू नुसते पिंजतात.

सगळीकडे मात्र भरपूर तंगूस योग्य नसतो. खोल समुद्रात बोटीवरून कुपा किंवा सुरमई गरवताना मासा दीडशे-दोनशे मीटर दोरी सहज नेतो. तिथे तंगुसाचे पाच-सहा वेढे पकडीपुरते देऊन बाकी सगळी ब्रेडेड दोरीच भरावी. तळापर्यंत दोरी जाण्याची शक्यता असेल तर तंगुसाची आणि गाठीची ताकद वरच्या दोरीच्या तोडीची हवी. खाडीत हा प्रश्न क्वचितच येतो. तिथे स्वस्त तंगुसाने निम्मे स्पूल भरणे खिशालाही परवडते. उथळ गाभ्याची स्पूलही मिळतात, त्यांत तंगूस फार कमी लागतो.

ब्रेडेड दोरी झिजते ती टोकाकडे: रंग जातो, लव सुटते, खडकाला घासलेली जागा बोटाला खरखरीत लागते. जिताड्याच्या कल्ल्याच्या धारेसाठी पुढे लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, जोडलेला असतो, तरी मागचे तीस-चाळीस मीटर मार खातातच. मोसम संपला की ही दोरी काढून उलटी भरतात. झिजलेले टोक तंगुसाला जोडले जाते आणि तोवर उन्हाचा कवडसाही न पाहिलेला भाग वर येतो. खाऱ्या पाण्याचे रीळ गोड्या पाण्याने धुवायचे असतेच. धुतल्यावर ड्रॅग सैल करून सावलीत वाळवावे. तंगूस उन्हापासून झाकलेला असल्याने पुष्कळ वर्षे टिकतो. दोरी उलटवताना तंगुसाचा गाठीजवळचा मीटरभर भाग कापून टाकतात, उरलेल्याचा तुकडा बोटांत ओढून पाहतात, आणि ठिसूळ लागला नाही तर त्याच थरावर नवी गाठ मारतात.