कुत्र्यासाठी स्वेटर विणताना

यवतमाळात डिसेंबर-जानेवारीची पहाट झोंबते. आखूड केसांच्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि पिल्लांना स्वेटर उपयोगी. ऊन चढले की काढावा.

• मापे: मानेचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा घेर, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ.

• धागा: जिल्हा कापसाचा असला तरी सूत लोकरीइतके ताणले जात नाही आणि भिजले की उशिरा वाळते; म्हणून लोकर घ्या.

• वीण: गळा, कडा दोन सुलट-दोन उलट. आत दोन बोटे सहज जावीत. पोटाकडची बाजू आखूड ठेवा, नाहीतर लघवीने भिजते.

• जपा: बटणे, गोंडे नकोत. लोकरीचा गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवा. गिळलेला धागा आतडे कापू शकतो; टोक बाहेर लोंबत असले तरी ओढू नका, लगेच पशुवैद्यकाकडे न्या.