श्वासयंत्राची पारख
घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज व्यापारी बंधूंनी सोडावा. निद्रेत घशातील वाट मिटून श्वास वारंवार खंडित होत असेल, तर रक्तदाब वाढू शकतो व दिवसा पेढीवर बसल्या बसल्या डुलकी लागते. १९८१ साली सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्यासाठीचे यंत्र घेताना किंमत शेवटी पाहावी, असे आम्हांस वाटते. प्रथम निद्रेची तपासणी. मग डॉक्टरांनी ठरविलेला दाब. त्यानंतर चेहऱ्यास नीट बसणारा मास्क. मास्कमधून हवा गळाली, तर भारी यंत्रही व्यर्थ! म्हणून काही रात्री वापरून पाहण्याची सवलत मागावी. आपण माल पारखून घेतो. श्वासाचे साधन त्याहून अधिक पारखावे, आणि घेतल्यावर रोज रात्री लावावे.