गडगा कोसळला, आता तारेचं कुंपण करताय? आधी हे बघा

पावसात उतारावरच्या बागेतला जांभ्या दगडाचा गडगा कोसळला की पहिला विचार येतो तारेच्या कुंपणाचा. चिऱ्यांचा दर आणि गवंड्याची मजुरी बघता तो चुकीचाही नाही. पण आधी एक बघा, गडग्याच्या दोन्ही बाजूंची जमीन सारख्या उंचीवर आहे का? वरच्या अंगाला माती भरलेली असेल, तर तो गडगा नुसती हद्द नव्हता, माती धरून उभा होता. तार गुरं अडवते, माती नाही. तिथे माती आहे तेवढ्या उंचीचा दगडी बांध परत रचायलाच हवा. तो सिमेंट न घालता सुका रचा, तळाला रुंद ठेवा. फटींतून पाणी निघून जातं. मागे पाणी साचलं की गडगा फुगतो आणि मग पडतो.

खांब बांधाच्या काठावर नको, दीड-दोन फूट आत घ्या. खड्डा किमान २ फूट, दोन खांबांत साधारण ८ फूट. खांब ओळंबा लावून सरळ उभा करा, उताराच्या बाजूला कललेला नको. लोक इथेच चुकतात. पहिल्या-शेवटच्या खांबाला तिरका टेकू द्या.

काटेरी तार उताराबरोबर खाली नेता येते. जाळी मात्र जास्त उतारावर पायऱ्यांसारखी लावावी लागते आणि खाली त्रिकोणी फट राहते. रानडुकराला तेवढी पुरते! गडग्याचे जुने दगड तिथेच कामाला येतात.

शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल, तर आधी भूमी अभिलेखची मोजणी, मग खड्डे.