मदन महलची तोललेली शिळा

जबलपूरला मदन महल किल्ल्याच्या टेकडीवर ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा दुसरीवर जेमतेम टेकून उभी आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपात शहरातली घरं कोसळली, माणसं गेली; शिळा जागेवरच राहिली. लोकांना हा चमत्कार वाटतो. मला ती नोंदवही वाटते. अशी शिळा उलटवायला केवढा हादरा लागेल, याचं गणित मांडता येतं. ती उभी आहे म्हणजे ती तशी तोलली गेल्यापासून तेवढा हादरा तिथे बसलेला नाही. कॅलिफोर्नियात भूकंपाच्या धोक्याचे अंदाज अशाच दगडांवर पडताळून पाहिले गेले आहेत.

धरणाच्या बाबतीत मात्र हादरा बसून काय होतं ते पाहत थांबून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या १०३ मीटर उंच भिंतीला, जिथे उतार बदलतो नेमक्या त्या पातळीला भेगा गेल्या. पुढे भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू द्यावे लागले. मोठ्या काँक्रीटच्या धरणांच्या पोटातल्या बोगद्यांत ओळंबा टांगतात, भिंत किती झुकली ते मिलिमीटरमध्ये कळावं म्हणून. झिरपणारं पाणीही नियमितपणे मोजतात. थोडं झिरपणं नेहमीचंच. पण जलाशयाची पातळी तीच असताना ते वाढलं, किंवा मातीच्या धरणातून गढूळ येऊ लागलं, तर त्याच दिवशी धावपळ करायला हवी.