हजेरी संपली, आता जायचे कुठे?

सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. पुढच्या सोमवारी पहाटे साडेचारलाच जाग येते, कारण पहिल्या पाळीची पंचवीस-तीस वर्षांची सवय अंगात मुरलेली असते. चहा होतो, अंघोळ होते आणि सात वाजता माणूस दाराशी येऊन बसतो.

वस्त्यांमध्ये घरभेटीला जातो तेव्हा अशी दाराशी बसलेली माणसे आम्हाला बरीच भेटतात. कोणी पालिकेच्या सफाई खात्यातून, कोणी रेल्वेतून, कोणी एसटीतून, तर कोणी शाळेच्या शिपाईपदावरून निवृत्त झालेले. रक्तदाब तपासता तपासता बोलणे सुरू होते. पहिले दोन-तीन महिने बरे गेलेले असतात. गावी जाऊन येणे, मुलीकडे राहणे, फंडाचे पैसे आल्याचे कळताच अचानक प्रेम उफाळून आलेल्या पाहुण्यांची सरबराई. मग दिवस लांबत जातो. दुपारी झोप काढली म्हणून रात्री झोप येत नाही. चालणे थांबले म्हणून साखर वाढते, गुडघे आखडतात. बोलायला कोणी नाही म्हणून कोपऱ्यावरचा पत्त्यांचा डाव, आणि डावाबरोबर संध्याकाळची 'थोडीशी'. नोकरीत असताना फक्त सुट्टीच्या दिवशी पिणारा माणूस निवृत्तीनंतर रोज पिऊ लागलेला आम्ही पाहिला आहे. त्याला आता रोजच सुट्टी असते.

म्हणून आरोग्याच्या पानावर छंदाविषयी लिहीत आहोत. छंद हे बंगलेवाल्यांचे काम, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या धबडग्यातही हातात व्हायोलिन घेतले होते आणि ते रीतसर शिकले होते. आपल्याला तर आता अख्खा दिवस मोकळा आहे.

नोकरी पगाराखेरीज आणखी एक गोष्ट देत होती. मुकादम हजेरी घ्यायचा, म्हणजे आपण आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात यायचे. पगाराच्या जागी पेन्शन येते, पण त्या हजेरीच्या जागी काहीच येत नाही. म्हणून छंद निवडताना आमचे सांगणे असे की, ज्याला ठरलेली वेळ आहे आणि जिथे चार माणसे आपली वाट बघतात, असे काहीतरी धरा. घरात एकट्याने मोबाईल बघत बसणे यात बसत नाही.

त्याआधी एक काम करा. डोळे आणि कान तपासून घ्या. "आता वाचनात मन लागत नाही," असे सांगणाऱ्या कितीतरी जणांचे मन ठीकच असते, चष्म्याचा नंबर बदललेला असतो. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. "पिकू द्या, मग बघू" हा जुना सल्ला आता धरून बसू नका. कानाचेही तेच. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत बोलेनासा होतो, मग बैठकीलाच जाईनासा होतो, आणि घरचे म्हणतात की म्हातारा चिडका झाला. कधी कधी कानात नुसता मळ साठलेला असतो. तो दवाखान्यातच काढून घ्यावा. काडी, पिन, गरम तेल यांतले काहीही कानात घालू नये.

गाण्याचे सांगतो. आपल्या वस्त्यांत पेटी, ढोलकी, खंजिरी जाणणारी माणसे घरटी नसली तरी गल्लीला एक तरी निघतेच. तरुणपणी गायन पार्टीत कोरस धरलेले कितीतरी काका आज गप्प बसून आहेत. पार्टी मोडली ती पाळ्यांमुळे, आता पाळ्या संपल्या आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसा. जुनी गाणी तोंडपाठ असतील तर ती मुलांकडून वहीत उतरवून घ्या, कारण त्यांतली बरीच कुठे छापलेली नाहीत. दम्याचा त्रास असेल तर आपला पंप खिशात ठेवून बसावे, एवढेच.

ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे. शांताबाई कांबळे प्राथमिक शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि मग त्यांनी आपले आयुष्य लिहायला घेतले. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे ते पुस्तक. आधी मासिकातून आले, मग पुस्तक झाले, पुढे त्यावर दूरदर्शनवर मालिकाही झाली. आपले पुस्तक होईलच असे नाही. पण गटारात उतरून काढलेली वर्षे, चाळीतले दिवस, दुष्काळात गाव सोडल्याची हकिकत नातवंडांना कोण सांगणार? शंभर पानी वही पुरते.

झाडांची आवड असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर, मेथी, मिरची, गवती चहा छान येतात. डब्याच्या तळाला भोके पाडा. पाणी साचले तर डेंग्यूचा डास होईल, आणि मग आम्हालाच यावे लागेल.

चालणे हा छंद नव्हे, औषध आहे, तरी सोबत असली की त्याचाही छंद होतो. आठवड्याला किमान 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. छातीत दुखले, दम लागला तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, आणि रात्री झोपताना तळपाय बघावेत.

आता बायकांचे. त्यांना शाल-नारळ मिळत नाही. धुणीभांडी करणाऱ्या मावशीची कामे गुडघे गेले की सुटतात, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले पाणी, स्वयंपाक आणि नातवंडे तिच्यावर येतात. सून कामाला जाते, तिचाही इलाज नसतो. पण "आजीला नातवाचा छंद आहे" असे कोणी म्हटले की आमचा आक्षेप असतो. नातवंडांवर माया असते, पण त्यांना सांभाळणे हे काम आहे. त्या कामातून दिवसाचा एक तास तिला सुट्टी मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणे हे घरातल्या पुरुषांचे काम आहे. निवृत्त झालेले आजोबा तेवढा वेळ नातवाला नक्कीच घेऊन बसू शकतात.

त्या तासात काय करायचे ते तिला ठरवू द्या. काही जणी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला एकत्र बसतात. हात चालतात आणि तोंडेही चालतात, ते फार चांगले. आम्ही मात्र अक्षरांचा आग्रह धरतो. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि पुढे महाकवी झाले. आपल्या आज्यांना त्रिशरण, पंचशील तोंडपाठ असते. वंदनेचे पुस्तक पुढे ठेवले की पुढचा शब्द कोणता येणार हे त्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे अक्षर आणि आवाज यांची गाठ लवकर पडते. बालवाडीच्या अंकलिपीपेक्षा हे पुस्तक त्यांना आपले वाटते. साठी ओलांडलेल्या बाईने बसवरची पाटी पहिल्यांदा वाचली, आणि औषधाच्या पाकिटावरची तारीख पहिल्यांदा ओळखली, हे आम्ही पाहिले आहे.

कोणाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, "मी आता ओझे झालो" असे तोंडात येत असेल, तर त्याला छंदाचा उपदेश करू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही बोलता येते. रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम बंद करू नये. हातपाय कापणे, झटके येणे असे होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सोडवावी.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. वाचायला नेहमी तीच दोन-तीन शिकलेली मुले पुढे असतात. यंदा निवृत्त काका-मावशींच्या पाळ्या लावता येतील, रोज एकाने दोन पाने. विहार समितीने नावे आत्ताच लिहून घ्यावीत. चष्म्याचा नंबर काढायला अजून वेळ आहे.